अंगावर काढलेली दुखणी

जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याला लागून, सवाई जयसिंहाने उभारलेली वेधशाळा आहे. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजता येतो. जयसिंहाच्या ज्योतिषविषयक उद्योगात ज्यांचा मोठा वाटा होता, ते पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात त्यांनीच आणली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या अंगणात ग्रहगोलांच्या गतीचा असा काटेकोर हिशेब चालू होता. त्याच वेळी भिंतीपलीकडच्या जनान्यात आणि त्याही पलीकडच्या पेठांतल्या माजघरांत दुसरे एक चक्र फिरत होते. संस्कृत भाषेने त्या चक्राला ऋतू असेच नाव दिले आहे. वर्षाच्या सहा ऋतूंना जे नाव, तेच स्त्रीच्या मासिक धर्माला. नाव मोठे गौरवाचे खरे, पण त्याच्या गतीचा वेध घेण्यासाठी मात्र कोणी यंत्र उभारले नाही.

आजही त्या हिशेबाची स्थिती फारशी समाधानकारक नाही. सांगानेरी दरवाजाजवळचे महिला चिकित्सालय आणि चांदपोलचे जनाना रुग्णालय ही जयपुरातील दोन मोठी सरकारी स्त्रीरुग्णालये. १९४७ साली सुरू झालेल्या सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी ती जोडलेली आहेत. शहरातल्या आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या स्त्रिया तेथे येतात. या शहरात घरोघरी चालणारे उद्योग पुष्कळ. कोणी कोळशाच्या शेगडीपुढे बसून लाखेच्या बांगड्या वळते, कोणी नगावर मजुरी घेऊन ओढण्यांना गोटा लावते, कोणी बांधणीच्या बारीक गाठी मारता मारता नजर अधू करून घेते. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासासाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलींची त्यांत आता भर पडली आहे. अशा स्त्रियांच्या तक्रारी कोणत्याही शहरात बहुतेक त्याच असतात. पाळी तीन-तीन महिने येत नाही. आली की थांबत नाही. कंबर धरते, ओटीपोट पिळवटते. अंगावरून पांढरे जाते. पाळीच्या आधीचे आठ दिवस कशातच चित्त लागत नाही. तक्रार सांगायला पुष्कळदा सासू किंवा नवरा सोबत असतो, आणि त्या सांगण्यात तिच्या झोपेचा, जेवणाचा, डोक्यावरच्या कर्जाचा किंवा घरातल्या धाकाचा उल्लेख नसतो. डॉक्टरांनी मुद्दाम विचारले तरी, बाकी सगळे ठीक आहे, एवढेच उत्तर मिळते.

मराठीत यासाठी एक बोलका वाक्प्रचार आहे: दुखणे अंगावर काढणे. पुरुषही दुखणे अंगावर काढतात, पण स्त्रियांच्या बाबतीत तो जणू शिरस्ताच होऊन बसला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सगळे वैद्यकीय जग चकित झाले. शंभरांतील ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वी ज्यांची अशी तपासणी झाली होती, अशा स्त्रिया शंभरांत अवघ्या ८ निघाल्या. म्हणजे दुखणे होते, दुखत होते, आणि ते कोणालाही ठाऊक नव्हते. या न बोलल्या गेलेल्या दुखण्यांपैकी काहींचे मूळ जंतूंत असते, काहींचे रक्ताच्या उणिवेत. आणखी काहींचे मूळ मात्र दीर्घकाळ सोसलेल्या ताणात असते, आणि नेमके तेच सर्वांत उशिरा उजेडात येते.

'ताण' हा शब्द वैद्यकाने यंत्रशास्त्रातून उचलला. माँट्रियल येथील संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांवरून असे दाखविले, की थंडी, जखम, विष, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीर त्यांना एकाच ठराविक पद्धतीने उत्तर देते. आपल्याकडच्या बायकांना हे सांगण्यासाठी माँट्रियलची वाट पाहावी लागली नसती. जाच, कुचंबणा, घुसमट, ओढाताण, सासुरवास. एवढे शब्द भाषा उगीच निर्माण करीत नाही. सासुरवास हा शब्द तर असा आहे, की राहण्याचे एक ठिकाण सांगता सांगता तो एका दुःखाचेच नाव होऊन गेला. पहाटेच्या जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या गेल्या, त्यांत हा सारा भार बोलून हलका केलेला आढळतो. पण हा भार पाळीपर्यंत पोचतो कसा, हे त्या शब्दांना सांगता येत नव्हते. ते शरीरशास्त्राने सांगितले, आणि तेही अगदी अलीकडे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा, बदामाएवढा एक भाग आहे. पाळीच्या चक्राची किल्ली तेथे आहे. तेथून एक संप्रेरक निघते, ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीला जागे करते, पिट्युटरी आपल्या संप्रेरकांवाटे ओटीपोटातील बीजकोशांना निरोप पाठविते, आणि बीजकोशातून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन ही द्रव्ये निघून गर्भाशयाचे अस्तर वाढवितात व सांभाळतात. गर्भ न राहिल्यास ते अस्तर गळून पडते, तीच पाळी. मेंदूतील त्या पहिल्या संप्रेरकाची रासायनिक घडण १९७१ साली उलगडली, आणि त्या कामाबद्दल गिलमाँ व शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. परंतु त्याहूनही विलक्षण शोध अर्न्स्ट क्नोबिल यांचा. माकडिणींवरील प्रयोगांत त्यांना असे दिसून आले, की हे संप्रेरक सतत धारेने दिले तर पाळीचे चक्र बंद पडते. तेच सुमारे तासातासाने एकेक ठोका याप्रमाणे दिले की चक्र पुन्हा सुरू होते. महिन्याचे चक्र असे तासाच्या ठोक्यावर उभे आहे. दोन सेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्या वेधशाळेतील पंडितांना ही गोष्ट ऐकून नक्कीच आनंद झाला असता.

ताणाचा पहिला आघात होतो तो या ठोक्यावर. भीती, शोक, उपासमार, जागरण यांपैकी काहीही ओढवले, की त्याच हायपोथॅलॅमसमधून दुसरा एक निरोप सुटतो. त्या निरोपाचे द्रव्य १९८१ साली सापडले. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी त्यामुळे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडू लागतात. संकट घटकाभराचे असेल तर हे उत्तर जीव वाचविणारे आहे; अंगात बळ येते, रक्तात साखर उतरते, पळता किंवा लढता येते. पण संकट महिनोन्महिने हटलेच नाही, तर या निरोपांचा गलबला दुसऱ्या निरोपाला दाबून टाकतो. तासाचा ठोका दोन तासांवर जातो, मग तीनवर, आणि अखेर बीज पक्व होणेच थांबते. ही दिवाळे निघण्याच्या भीतीने केलेली काटकसर आहे. हे दिवस गर्भ धरण्याचे नव्हेत, असा निर्णय शरीर त्या स्त्रीला न विचारताच घेऊन टाकते.

एकाच ताणाने एकीची पाळी थांबते आणि दुसरीला ती आवरत नाही, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. मूळ एकच आहे. बीज सुटले नाही की प्रोजेस्टेरोन तयार होत नाही. इस्ट्रोजेनही उणे असेल तर अस्तर वाढतच नाही आणि पाळी बंद होते. इस्ट्रोजेन मात्र चालू राहिले तर अस्तराला आवर घालणारे कोणी नसल्याने ते बेसुमार वाढते आणि मग केव्हाही, कितीही दिवस तुटत राहते.

या गोष्टीचा पुरावा मानवजातीने फार महाग किंमत देऊन मिळविला आहे. दुसऱ्या महायुद्धात हाँगकाँगच्या स्टॅन्ले छावणीत स्थानबद्ध केलेल्या स्त्रियांची पाळी मोठ्या प्रमाणावर बंद पडल्याची नोंद तेथील महिला डॉक्टरांनी युद्धानंतर प्रसिद्ध केली. युरोपातील छावण्यांतूनही अशाच नोंदी आल्या. उपासमारीचा परिणाम अंगावर दिसण्यापूर्वीच अनेकींची पाळी थांबली होती. बर्लिनमध्ये हेर्मान श्टीव्ह नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञाने तर नाझी राजवटीत फाशी गेलेल्या स्त्रियांच्या मृतदेहांवर या विषयाचा अभ्यास केला. मृत्यूच्या शिक्षेची वाट पाहताना त्यांच्या बीजकोशांत काय बदल झाले, हे तो पाहत होता. या ज्ञानाचा उल्लेख करताना मान खाली घालावी लागते. त्या स्त्रियांचे दुःख कोणी कमी केले नाही. त्याचे मोजमाप मात्र झाले.

परंतु जयपूरच्या किंवा पुण्याच्या घरात छावणी नसते, फाशी नसते. मग तेथे एवढा ताण यावा कोठून, असा प्रश्न येतो. याचे फार उद्बोधक उत्तर अमेरिकेत सेरा बर्गा, ज्युडी कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडिणींवर केलेल्या एका प्रयोगाने दिले. काही माकडिणींना थोडे कमी अन्न व थोडा धावण्याचा व्यायाम दिला. काहींना नुसतेच अनोळखी शेजाऱ्यांजवळच्या नव्या पिंजऱ्यात हलविले. या दोन्ही गटांत फारच थोड्या माकडिणींचे चक्र बिघडले. तिसऱ्या गटाला मात्र हे सगळे एकदम सोसावे लागले, आणि त्यांतील बहुसंख्य माकडिणींचे चक्र विस्कळीत झाले. एकेकटा भार किरकोळच होता. बेरीज मात्र किरकोळ राहिली नाही.

हा प्रयोग वाचताना कोणाही भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर नवी सून उभी राहावी. अनोळखी घर, अनोळखी माणसे. सर्वांची पाने उचलल्यावर उरेल ते जेवण. पहाटेपासून पाण्यासाठी आणि चुलीसाठी चाललेली धावपळ. यांतले एकेक सुटे काढून पाहिले तर कोणालाही ते विशेष वाटत नाही. सासू म्हणते, आम्हीही हेच केले. वसतिगृहातल्या मुलीचेही असेच आहे: घर सुटलेले, डबा अर्धाच खाल्लेला, रात्री दोनपर्यंत दिवा, आणि निकालाची धास्ती. डॉक्टर एकेक प्रश्न विचारतात आणि एकेका प्रश्नाचे उत्तर समाधानकारकच येते. बेरीज करण्याचे काम कोणाकडेच नसते.

असे थांबलेले चक्र केवळ ताण हलका केल्याने परत फिरते काय, हेही तपासून झाले आहे. २००३ साली बर्गा यांच्या गटाने अशा १६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८ जणींना २० आठवड्यांत मनोपचार देण्यात आले. त्यात विचारांची घडी बदलणे, खाण्याविषयीची व श्रमाविषयीची अतिरेकी शिस्त सैल करणे, अशा गोष्टी होत्या. उरलेल्या ८ जणींवर नुसती देखरेख ठेवली. उपचार मिळालेल्यांपैकी ६ जणींचे बीज पुन्हा सुटू लागले. दुसऱ्या गटात ते एकीचेच. सोळा ही संख्या लहान आहे, हे कबूल केले पाहिजे. तरीही जे चक्र एरवी संप्रेरकांच्या गोळ्यांनीच हलेल असे समजले जाते, ते केवळ बोलण्याने आणि राहणी बदलण्याने हलले, ही गोष्ट लहान नाही. शिवाय अशा स्थितीत इस्ट्रोजेन उणे असल्याने हाडे आतून ठिसूळ होत जातात. म्हणून पाळी आली नाही तर कटकट तरी वाचली, असे समजणाऱ्या मुलींनी तो समज सोडून देणे इष्ट आहे.

पाळीच्या वेदनांबद्दलही असेच म्हणता येते. चीनच्या आन्हुई प्रांतातील नवविवाहित स्त्रियांच्या महिन्यामागून महिन्याच्या नोंदी ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या महिन्यात ताण फार होता, त्याच्या पुढच्या पाळीत वेदना होण्याचे प्रमाण कमी ताणाच्या तुलनेने सुमारे दुप्पट आढळले. मागच्या महिन्याच्या काळजीचे देणे या महिन्याच्या पाळीत चुकवावे लागते, असा त्याचा अर्थ.

अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीविषयी गोव्यात जे निष्पन्न झाले, ते तर अधिक विचार करण्याजोगे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गाशी असेल, अशी वैद्यकाची नेहमीची समजूत. तो संबंध क्षीण निघाला. चिंता, खिन्नता आणि संसारातील अडचणी यांच्याशी मात्र तो घट्ट निघाला. स्त्रियांना स्वतःला कारण विचारले, तेव्हा सर्वाधिक जणींनी मनावरच्या ताणाचेच नाव घेतले. त्या खालोखाल अंगातल्या उष्णतेचे, आणि जंतूंचे त्यानंतर. वैद्यक ज्या निष्कर्षाला पाहणी करून पोचले, तो या स्त्रिया आधीच सांगत होत्या. त्यांना मिळत होत्या त्या मात्र जंतुनाशक गोळ्या.

जयपुरात १९७६ पासून राष्ट्रीय आयुर्वेद संस्थान आहे. तेथील विद्यार्थ्यांना यात फारसे नवल वाटू नये. कारण जुन्या माधवनिदानात रक्तप्रदराची जी कारणे दिली आहेत, त्यांत विरुद्ध आहार, अजीर्ण यांच्याबरोबरच शोक, फार वाट चालणे, देह कृश होणे आणि ओझे वाहणे यांचीही गणना केली आहे. बाराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथकाराने शोक आणि डोक्यावरचे ओझे एकाच ओळीला बसवावे, यातील निरीक्षण खरोखर दाद देण्यासारखे आहे. त्याने सुचविलेले सारेच उपाय आज चालतील असे नाही, हा भाग वेगळा.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ताणाचे हे माहात्म्य ऐकून कोणी स्त्रीची प्रत्येक तक्रार मनाच्या खात्यावर टाकू लागेल, तर तो पहिल्याहून मोठा अन्याय होईल. प्राचीन ग्रीकांनी स्त्रीच्या मनाच्या साऱ्या व्यथा भटकणाऱ्या गर्भाशयाच्या माथी मारल्या. 'हिस्टेरिया' या शब्दाचे मूळ गर्भाशयाच्या ग्रीक नावातच आहे. आता गर्भाशयाच्या साऱ्या व्यथा मनाच्या माथी मारणे, म्हणजे तीच चूक उलट्या बाजूने करणे होय. थायरॉइडचे विकार, गर्भाशयातील गाठी, जननेंद्रियांचा क्षय, बीजकोशांतील बहुविध पुटी, अस्तराचे आत-बाहेर रुजणे आणि कर्करोग ही सर्व खरीखुरी कारणे आहेत. ती तपासून पाहिल्यावाचून, टेन्शन घेऊ नका, असे सांगून स्त्रीला परत पाठविणे हा सल्ला नव्हे, निरोप आहे. रक्ताचे तर विचारूच नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षीण आढळल्या. जिच्या अंगात मुळात रक्त कमी, तिची पाळी लांबली की थकवा वाढतो, थकव्याने काम रेंगाळते, काम रेंगाळले की बोलणी बसतात, आणि त्या बोलण्यांनी पुन्हा पाळी बिघडते. यात आधी कोण आणि मागून कोण, हे ठरविणे पुष्कळदा अवघड असते.

सर्वांत वाईट शेवट होतो तो या कोड्याला कंटाळून गर्भाशयच काढून टाकण्यात. मराठवाड्यात त्याला पिशवी काढणे म्हणतात, जयपूरकडे बच्चेदानी निकलवाना. जयपूरच्या पूर्वेस लागूनच दौसा जिल्हा आहे. तेथील बांदीकुई या रेल्वे-जंक्शनच्या गावात २०१० साली काही खासगी इस्पितळांत झालेल्या शस्त्रक्रियांची माहिती दुर्गाप्रसाद सैनी या वकिलांनी माहितीच्या अधिकाराखाली मागविली. स्त्रियांवरील ज्या ३८५ शस्त्रक्रियांची माहिती हाती आली, त्यांतील अर्ध्याहून अधिक गर्भाशय काढण्याच्या होत्या. अशा स्त्रियांत तरुण वयाच्या पुष्कळ होत्या. पोटदुखी, पांढरे जाणे, अनियमित पाळी अशा तक्रारी घेऊन त्या आल्या होत्या. आणि पिशवी ठेवली तर कर्करोग होईल, अशी भीती त्यांना घालण्यात आली, असे आरोप झाले. दुखणे जिथे नव्हते तेथे शस्त्र चालले. दुखणे होते ते ज्या घरात, ज्या शेतात, ज्या डोक्यावरच्या हंड्यात होते, तेथे ते तसेच राहिले.

आणि याला राजस्थानच जबाबदार आहे, असे समजून महाराष्ट्राने निश्चिंत होण्याचे कारण नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणपणे सहाजणींमागे एक. देशाची सरासरी तीस स्त्रियांमागे एक अशी आहे. हंगामाच्या आधी उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाचा खाडा पडला तरी दंड. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या खोपीत राहणे. न्हाणीघर नाही, आडोसा नाही. पहाटे उठून भाकरी भाजून मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि रात्री गाडी आली की भरायलाही उठायचे. अशा संसारात पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. माकडिणींच्या त्या प्रयोगातला प्रत्येक भार येथे आहे, आणि त्यात कर्जाची भर आहे. हे चक्र बिघडले नसते, तरच नवल. पिशवीची कटकट नको, असे त्या स्त्रीने स्वतःच म्हटले, असा बचाव पुष्कळदा केला जातो. तिने म्हटलेही असेल. दुसरा मार्ग कोणी दाखविला होता काय, एवढेच विचारावयाचे. पुढे काय होते, तेही पाहिले पाहिजे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर तिशीतच ऋतुनिवृत्ती येते. हाडे झिजतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि ऊस तोडण्याचे जे बळ राखण्यासाठी हे सारे केले, तेच बळ आधी जाते.

दौसा आणि अन्य ठिकाणच्या या प्रकारांविरुद्ध राजस्थानातीलच डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांच्या आत स्वीकारावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. कागदावर हा मोठाच विजय आहे. परंतु न्यायालय शस्त्र थांबवू शकते. खाड्याचा दंड आणि अर्धपोटी जेवण यांची दखल घेणे त्याच्या निकालाच्या आवाक्यातले नव्हते.

स्त्रीच्या स्वतःच्या हाती काय आहे, हे शेवटी पाहावयाचे. पाळीची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवणे, हे पहिले. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि स्राव आठ दिवसांपर्यंत, हे सामान्य समजावे. आधी नियमित असलेली पाळी गर्भ नसताना तीन महिने आली नाही, स्रावाने अंगातले बळ गेले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा समागमानंतर रक्त दिसले, किंवा ऋतुनिवृत्तीनंतर वर्ष उलटून थेंबभर जरी रक्त दिसले, तरी दुखणे अंगावर काढू नये. तडक डॉक्टरांकडे जावे. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्य तर सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये. तातडीचे प्रसंग थोडे असतात. तातडी सांगण्याचे प्रसंग पुष्कळ.

दुसरी गोष्ट वरवर क्षुल्लक आहे. त्या तारखांच्या शेजारीच झोप किती झाली, जेवण वेळेवर मिळाले की नाही, घरात आजारपण, भांडण, परीक्षा, प्रवास, मृत्यू असे काय घडले, हे दोन शब्दांत टिपून ठेवावे. तीन महिन्यांच्या अशा टिपणावरून जाणत्या डॉक्टरांना जे कळते, ते पुष्कळदा यंत्राच्या तपासणीतूनही कळत नाही. जिला लिहिता येत नाही, तिच्या मुलीने किंवा धाकट्या जावेने ते लिहावे. आणि तो कागद बरोबर न्यावा. कारण बाह्यरुग्ण विभागात वेळ थोडा मिळतो, पाठीमागे रांग असते, शेजारी सासू बसलेली असते, आणि बाकी सगळे ठीक आहे, असे म्हणून उठण्याची सवय फार जुनी आहे.